सव्वा लाखाची मूठ

पगार महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी.
म्हणून त्यानंतरच्या सोमवारी हजेरीपट उघडताना
मी पेन घेत नाही, पेन्सिल घेते.
कधीकधी दुपारपर्यंत येतात बाया,
ब्लँकेट गालापर्यंत ओढून.

मासेरू. थेत्सानेचा कारखाना, शेड चार.
जुलै आहे; काचांना बाहेरून बर्फ,
आतून कापडाची निळी धूळ.
आम्ही जीन्स शिवतो.
म्हणजे त्या शिवतात,
मी त्या किती जणी आहेत ते मोजते.

आज लाइन नऊमध्ये केनेउए नाही.
ती पुढचे खिसे जोडते, पाळीला आठशे.
खिसा नाही म्हणून पुढचीला बाजूची शिवण घालता येत नाही,
तिच्या पुढचीला पट्टा,
आणि तिच्याही पुढची हातावर हात ठेवून
बघत बसते छताच्या पंख्याकडे,
जो जुलैत बंदच असतो.

कारणाच्या रकान्यात मी लिहिते: पोटदुखी.
गेल्या महिन्यात: पडली.
त्याआधी: पडली.
आमचा देश डोंगरांचा.
पडायला जागा भरपूर.

मॅनेजर विचारतो, माल का रखडला?
छापील फॉर्मवर चार चौकोन :
मशीन, वीज, धागा, इतर.
मी ‘इतर’वर खूण करते.
डर्बनचं जहाज ‘इतर’साठी थांबत नाही.
मग पेट्या विमानाने जातात
आणि विमानाचं भाडं कापलं जातं
लाइन नऊच्या चाळीस जणींच्या बोनसमधून.
एका घरातला मार,
चाळीस घरांत वाटून.

परवा सरकारी खात्यातून एक मुलगा आला.
देशाचा तोटा काढायचा होता त्याला :
टाके, एक्स-रे, पोलिसांच्या गाडीचं पेट्रोल,
बुडालेले दिवस.
चांगला मुलगा. चहात तीन चमचे साखर.
मी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हटलं,
केनेउएला सुपरवायझर करत होते गेल्या वर्षी.
नको म्हणाली. सुपरवायझरला ओरडावं लागतं.
पगारातला तो फरक कुठे धरतोस?
आणि तिची मुलगी शाळेत पाढे म्हणताना
दाराकडे बघते.
सातापर्यंत येते, पुढचं ऐकूच येत नाही तिला.
त्याचं व्याज?

त्याच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.
तसं म्हणालाही, मान खाली घालून.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी रोज मोजते.
सव्वा लाखात भागत नाही.

तो गेल्यावर जुनी रजिस्टरं कपाटात ठेवताना
एकात मी सापडले,
बावीस वर्षांपूर्वीची, मशीनवरची.
तीन दिवस गैरहजर. कारण: दातदुखी.
खोटं नव्हतं ते.
दात दुखतच होता,
होता तोवर.
अजून नावं पुकारताना त्या फटीतून शीळ निघते
आणि नव्या मुली हसतात.
हसू देत.

पानाला नऊ रकाने आहेत.
ज्याने केलं त्याचं नाव लिहायला एकही नाही.
त्याची हजेरी दुसऱ्याच कुठल्या पटावर लागत असेल,
भरलेली, एकही खाडा नसलेली.

बुधवारी केनेउए आली.
शेडमध्ये काळा चष्मा, डावा हात जपून.
पहिल्याच गठ्ठ्यात एका खिशाची टीप
जराशी वाकडी गेली.
तपासणाऱ्या बाईने पाहिली,
तिच्याकडेही पाहिलं,
आणि पँट पुढे सोडली.

आता ती कुठल्यातरी लांबच्या दुकानात टांगली जाईल,
किमतीच्या चिठ्ठीसकट.
कुणीतरी म्हणेल, स्वस्त आहे.
थंडी असेल तिथेही.
रस्त्याने जाताना तो दोन्ही मुठी मिटून
खिशात खोल घालील.

खिसा उसवणार नाही.
केनेउएची टीप पक्की असते.